ए आणि एम

मागच्या रविवारी फोनवर तू मला विचारलंस की गाइड नेमकं काय करतो. तुला आता तुझ्या विद्यापीठात एक मिळणार आहे, म्हणून विचारत होतीस. तुझा भाऊ मागे बसून काहीतरी खात होता. मी म्हणाले, विद्यार्थी चुकला की सांगायचं, एवढंच. तू हसलीस, 'दॅट्स इट, आजी?' म्हणालीस. तेवढ्यात तुमच्या दाराची घंटा वाजली आणि फोन संपला.

उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. अपुरं उत्तर मी कधी कुणाच्या वहीत राहू दिलं नाही, म्हणून हे लिहीत आहे. तेही मराठीत. तुम्हा दोघांना वाचायला वेळ लागेल, काही शब्द बाबाला विचारावे लागतील, हे ठाऊक असूनही.

मी नागपूरला इंग्रजी शाळेत शिकले आणि लग्न होऊन राज्याच्या सीमेपलीकडे पांढुर्ण्याला आले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि माझ्या हाताखाली नऊ जणांनी पीएच.डी. केली. इथे घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि प्रबंध इंग्रजीत. ही सरमिसळ मला पहिल्यापासून खपत नसे. पोरं प्रयोगाच्या वहीत लिहायची, 'सोल्युशन निळं होऊन राहिलं', म्हणजे निळं होतं आहे. आमच्याकडे सगळंच होऊन राहतं. काम होऊन राहतं, पाणी येऊन राहतं, पोरगी शिकून राहते. हेच वाक्य त्यांनी इंग्रजीत उतरवलं की परीक्षकाला वाटावं, द्रावण निळं झालं आणि मग तिथेच मुक्कामाला राहिलं.

म्हणून मी नियम केला. प्रयोगशाळेच्या दाराच्या आत फक्त इंग्रजी. बोलायचं इंग्रजीत, वही इंग्रजीत, बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजीत, आणि चिठ्ठीवर एक अक्षर, एक आकडा, बास. दुसरा नियम असा की आधी आकडे, मग वाक्यं. प्रकरण लिहिण्याआधी नुसते तक्ते आणून दाखवायचे. चांगल्या वाक्यांनी कच्चं काम झाकलं जातं, हे मी पुष्कळदा पाहिलं होतं.

या नियमांचा मला अभिमान होता. घरातही तीच शिस्त होती. तुमचा बाबा पाच वर्षांचा असल्यापासून जेवणाच्या पाटावर मी त्याच्याशी इंग्रजीत बोलायची. तुमचे आजोबा म्हणायचे, 'अगं, पोराला भूक लागली आहे, व्याकरण नाही.' बाबा त्या इंग्रजीच्या जोरावर पुढे गेला. खूपच पुढे गेला.

माझी दहावी आणि शेवटची विद्यार्थिनी आली तेव्हा आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि माझ्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते. तिची नोंदणी आधी झाल्यामुळे निवृत्तीनंतरही तिचं काम पुरं करून घ्यायची मला परवानगी मिळाली. विभाग नुकताच नव्या इमारतीत गेला होता. आम्हाला कोपऱ्यातली एक खोली मिळाली. दोन ओटे, एक कपाट, चंबू हलवणारं एक जुनं यंत्र.

ती मोहगावकडची. सासरी संत्र्याची बाग आणि थोडा कापूस. सकाळी सौंसरच्या एका शाळेत शिकवायची आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारच्या बसनं पांढुर्ण्याला यायची. डब्यात भाकर आणि ठेचा, आणि हातात वाळलेल्या सालींची पिशवी. तिचा विषय तोच होता. कापड रंगवताना जो निळा रंग पाण्यात उतरतो, तो संत्र्याच्या सालीची भुकटी किती धरून ठेवते, हे पाहायचं. रंगीत पाण्यात भुकटी टाकायची, चंबू हलवायचा, पाणी गाळायचं आणि उरलेला रंग यंत्रावर मोजायचा. मग भुकटीचं वजन बदलून, वेळ बदलून पुन्हा तेच. संशोधनाचा बहुतेक भाग हा 'पुन्हा तेच' असतो. तुला पुढे कळेल.

तिच्याआधीच्या मुलांना वरचे विद्यार्थी सगळं सांगायचे. कुठला चंबू गळतो, मॅडम कधी चिडतात, चिठ्ठीवरच्या अक्षरांचा अर्थ काय. ती अक्षरांची यादी मी जुन्या इमारतीत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. आर म्हणजे कच्ची भुकटी, ए म्हणजे आम्लात भिजवलेली, एम म्हणजे धातूचं मीठ चढवलेली. कपाट तिथेच राहिलं, यादीही राहिली. तिच्या वरती कुणी विद्यार्थी नव्हता आणि खालीही नव्हता. आम्ही दोघीच होतो.

आठवड्यातले ते तीन दिवस. उरलेले चार दिवस मी त्या तीन दिवसांची वाट बघायची, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी कबूल केलं नसतं. घरी परत आल्यावर दिवसभरात कुणी मला काही विचारत नसे. प्रयोगशाळेत मात्र ती विचारायची, 'मॅडम, इज इट इनफ?' आणि मी सांगायची, 'वन मोअर रीडिंग.'

दुसऱ्या वर्षी तिचे आकडे जुळेनात. तेच वजन, तेवढाच वेळ, आणि तरी मार्चमधली साल नोव्हेंबरमधल्या सालीइतका रंग धरेना. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. एकदा ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, 'मॅडम, द पील इज डिफरंट.' मी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. 'पील इज पील,' मी म्हणाले. 'चेक युवर वेइंग.' तिनं तराजू पुसला आणि पुन्हा वजन करायला लागली. त्यानंतर ती यावर बोलली नाही.

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिनं पाचव्या प्रकरणाचे तक्ते आणले. शेजारी शेजारी दोन रकाने. एकावर ए, एकावर एम. आकडे नीट, प्रत्येक आकडा तीनदा घेतलेला. सिनॉप्सिसमध्ये आम्ही लिहून दिलंच होतं की शेवटी आम्ल दिलेली आणि धातूचं मीठ चढवलेली साल तपासू. मी खूश झाले. वही मागितली. वहीत आम्ल कसं दिलं याचं पान नव्हतं. मीठ कसं चढवलं याचंही नव्हतं. मी उठून कपाट उघडलं. त्या मिठाची बाटली खूप महिने वाट बघून मागवली होती. ती वरच्या फळीवर होती, आणि तिच्या झाकणाचं सील जसंच्या तसं होतं.

आता सांगते, त्या क्षणी मला राग आला नाही. मी पुन्हा एकदा सील बघितलं. बाटली उघडलेली नाही, आणि त्या बाटलीच्या नावानं आकड्यांचं एक पान भरलं आहे. आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही.

मी बाटलीबद्दल काही बोलले नाही. फक्त विचारलं, 'डिड यू डू ऑल धिस युवरसेल्फ?'

तिनं तक्त्यांच्या कडा जुळवल्या. मग म्हणाली, 'नो, मॅडम.'

टेबलावर तिचा सहा महिन्यांचा प्रगती अहवाल होता. गाइडची सही झाल्याशिवाय तो पुढे जात नाही, आणि तो गेला नाही तर नोंदणी रद्द होते. ठरलेली मुदत डिसेंबरात संपत होती. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले की मग मी सही करू शकत नाही. वापरलेले चंबू तिनं धुतले, फडक्यावर उपडे घातले, सालींची पिशवी उचलली आणि बस गाठायला गेली.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. बुधवारीही नाही.

मी मात्र जात राहिले. तीन दिवस, ठरल्या वेळी. कुलूप उघडायचं, खिडकी उघडायची, खुर्चीत बसायचं. उपड्या चंबूंवर धूळ बसायला लागली तेव्हा मी ते पुन्हा धुतले. विभागातले जुने परिचर दारात उभे राहून एकदा म्हणाले, 'मॅडम, रोज कुलूप उघडून तुम्ही करून काय राहिल्या?' मी म्हणाले, 'वाचते आहे.' समोर पुस्तक नव्हतं. त्यांनी चहा तेवढा आणून ठेवला.

तुम्हाला आठवत नसेल, पण त्या उन्हाळ्यात तुझ्या भावानं फोनवर विचारलं होतं, 'हाऊ इज युवर ऑरेंज गर्ल?' मी सांगितलं, ती कामात आहे. तुम्हाला खोटं सांगितल्याची ती एकच वेळ.

तिला फोन करता आला असता. नंबर होता. पण मला वाटत होतं, फसवलं तिनं, तर बोलायला तिनंच आलं पाहिजे. तीस वर्षं ज्या कामाला मी माझं म्हटलं, त्याचा शेवट असा व्हावा याचं मला इतकं वाईट वाटलं होतं की तिलाही काही वाटत असेल हे डोक्यातच आलं नाही. पाऊस आला, गेला. वर्तमानपत्र तीन वेळा वाचून व्हायचं. मी घरातल्या डब्यांवरही चिठ्ठ्या लावल्या, इंग्रजीत. डाळ, तांदूळ, रवा. वाचणारी मी एकटीच.

ऑक्टोबर लागला होता. दुपारी फाटक वाजलं. बाहेर एक म्हातारी बाई उभी होती, माझ्याच वयाची असेल. नऊवारी पातळ, डोक्यावर पदर, आणि ऑटोतून उतरवलेले तेलाचे दोन जुने पत्र्याचे डबे पायाशी.

'तुम्हीच का त्या सालवाल्या मॅडम?'

मी म्हणाले, मीच.

'मंग घ्या तुमची अमानत. माह्या घरी आता जागा नाय.'

ती माझ्या विद्यार्थिनीची सासू होती. खुर्ची दिली तर ती पायरीवर बसली. पाणी प्यायली, फुलपात्र बाजूला ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

'सून येऊन नाय राहिली, तिले सांगतलं नाय मी. अंबिया उतरन आता पंधरा दिवसानं, मंग सारी गच्ची त्यालेच लागते. म्हटलं विचारून यावं, हे साली जाळू का ठेवू.' मग जरा पुढे झुकून तिनं विचारलं, 'एक सांगा बाई, तुम्ही करता काय एवढ्या सालीचं? आमच्या गल्लीतल्या बाया म्हणून राहिल्या का मॅडम साबण करून विकते.'

मी सांगितलं की सालीनं पाणी साफ होतं.

'मंग ते पाणी पेता?'

'नाही, पीत नाही.'

'मंग कायले साफ करता?'

या प्रश्नाचं उत्तर मी अनेक समित्यांसमोर दिलेलं आहे. या वेळी मी डब्यांकडे वळले.

डबे आत घ्यायला मी वाकले तर तिनं माझा हात धरला. 'मिसळू नका बरं. ह्याच्यात अंबियाची साल, ह्याच्यात मिरगाची. एक डाव माह्या हातून मिसळली होती, तर पोरगी मले अशी बोलली जशी मी तिचं लेकरू उपाशी ठेवलं.'

दोन्ही डब्यांवर कागद चिकटवलेला होता. अक्षर माझ्या विद्यार्थिनीचं. एकावर ए. एकावर एम.

'हे काय लिहिलं आहे?' मी विचारलं. ऐकून घ्यायचं होतं मला.

'मले कुठं वाचता येते. पोरीनं सांगतलं, हे अंबियाचं अक्षर, हे मिरगाचं.'

तुम्हाला सांगायला हवं. संत्र्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फुलं येऊ शकतात, त्याला बहार म्हणतात. थंडीच्या शेवटी फुलतो तो आंबिया, त्याची फळं दिवाळीच्या सुमारास उतरतात. पावसाच्या सुरुवातीला फुलतो तो मृग, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये. इथल्या लहान पोरालाही हे माहीत असतं. मलाही ऐकून माहीत होतं, जसं शेजारच्या घरातल्या लोकांची नावं माहीत असतात तसं.

'पण साल ती साल,' मी म्हणाले. 'दोन्हीत फरक तो काय?'

पाणी हे मूलद्रव्य आहे का, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे मी जसं बघायची, तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

'बाई, किती वर्स झाले तुम्हाले पांढुर्ण्यात?'

मी सांगितलं.

'अन् संत्रं खाता का नाय? एकानं सारा पाऊस पेला, एकानं थंडी खाल्ली. साल सारखी कशी असन?'

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. ती आता डब्याच्या कडीशी चाळा करत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, 'एक गोष्ट सांगतो, कोणाले सांगू नका. साली निवडणं, वाळवणं, मिक्सरात फिरवणं, सारं मीच केलं. तिले शाळा, तुमचं कालेज, अन् घरचा सैपाक. कधी करन ती? तर ती म्हणे, आई, शेवटी कागदावर लिहून द्या लागते का सारं काम मीच केलं म्हणून. तुम्हाले कुठून तरी समजलं वाटते. त्याच्यापायीच काढून टाकलं तिले.' थोडं थांबून ती म्हणाली, 'मीच बुडवलं पोरीले. सालीचं निमित्त करून आली मी. तुम्ही मले बोला, पण तिले घ्या.'

माझ्या कानात माझाच प्रश्न वाजत होता. हे सगळं तू स्वतः केलंस का. आणि तिचं उत्तर, नो, मॅडम. मी बाटलीबद्दल विचारलं होतं. तिनं सासूबद्दल उत्तर दिलं होतं.

तिची वही तेव्हापासून माझ्याकडेच, घरी होती. मी आत जाऊन ती उघडली. ए, ए, ए, सगळ्या तारखा नोव्हेंबरच्या. एम, एम, एम, सगळ्या मार्चच्या. सहा महिने ती वही माझ्या टेबलावर पडून होती. बागेत काम करणाऱ्या कुणाही माणसानं नुसत्या तारखा पाहून सांगितलं असतं.

त्याच दुपारच्या बसनं मी तिच्या सासूबाईंबरोबर निघाले. खिडकीकडची जागा त्यांनी मला दिली आणि वाटेत कुठल्या बागेत कोणता बहार धरला आहे ते दाखवत राहिल्या. मी प्रत्येक बाग पाहिली. घरी पोचलो तेव्हा माझी विद्यार्थिनी शाळेतून आलेली होती, अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून तिच्या हातातलं पातळ तसंच राहिलं.

मी वाटेत इंग्रजीत दोन-तीन वाक्यं तयार केली होती. ती वापरली नाहीत. मी विचारलं, 'ए म्हणजे आंबिया का गं?'

'येस, मॅडम.'

'मग तू मला सांगितलं का नाहीस?'

ती पातळाची घडी घालू लागली. ओल्याच पातळाची. मग तिनं माझ्याकडे न बघता, अगदी शुद्ध इंग्रजीत सांगितलं, 'तुम्ही म्हणाला होता, प्रयोगशाळेत मराठी शब्द नको. आंबियाला इंग्रजी शब्द नाही, मॅडम.'

सासूबाई दारातून विचारत होत्या, 'काय म्हणून राहिली?' मी त्यांना सांगितलं. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

'मंग हे माह्याच्यानं नाय झालं?'

'नाय,' मी म्हणाले. 'माह्याच्यानं झालं.'

आयुष्यात पहिल्यांदा मी ते असं बोलले. कुणी हसलं नाही. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्या.

पण चहानं मुदत वाढत नाही. डिसेंबर दोन महिन्यांवर होता, एक अहवाल सहीवाचून पडला होता, आणि आम्ल दिलेल्या, मीठ चढवलेल्या सालीचं काम खरोखरच अजून व्हायचं होतं. आकडे का जुळत नाहीत याचा आधी छडा लावायचा आणि मगच पुढे जायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. जे गाइडनं सांगायला हवं, ते ती गाइडला न विचारता बरोबर करत होती.

मुदत वाढवण्याचा फॉर्म हिंदीत असतो. त्यात एक रकाना आहे, 'विलंब का कारण'. पुढच्या सोमवारी ती फॉर्म घेऊन आली तेव्हा त्या रकान्यात तिनं पेन्सिलनं 'पारिवारिक कारण' असं लिहून आणलं होतं. सगळेच तसं लिहितात. मी खोडरबरानं ते पुसलं आणि पेनानं लिहिलं, 'शोध निर्देशक की त्रुटि', म्हणजे गाइडची चूक. खाली काय घडलं ते सात ओळींत लिहिलं. सही केली. ती पाहत होती. 'मॅडम, प्लीज डोन्ट,' एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी कार्यालयातून बाबूंचा फोन आला. 'मॅडम, ऐसा कोई नहीं लिखता. पारिवारिक कारण लिख दीजिए, मैं काट के ठीक कर देता हूँ.' मी म्हणाले, 'रहने दीजिए.' ते म्हणाले, 'फिर कमेटी में जाएगा.' मी म्हणाले, 'जाने दीजिए.'

कमेटीनं तिला पूर्ण एक वर्ष दिलं. आणि गाइड बदलला. त्यांचं बरोबरच होतं. निवृत्त बाई, तिच्याच लेखी चूक तिची, मग विद्यार्थिनी तिच्याकडे कशी ठेवायची. छिंदवाड्याच्या एका प्राध्यापकांकडे तिला दिलं. माझं नाव सहनिर्देशक म्हणून खाली राहिलं. उरलेले प्रयोग तिकडच्या प्रयोगशाळेत करायचे ठरले. सोमवार, बुधवार, शुक्रवारची तिची बस आता पांढुर्ण्याला येईना, सौंसरहूनच उलट दिशेला जाऊ लागली.

मिठाची बाटली मी तिच्या हाती दिली. सील तसंच होतं. किल्ली विभागात जमा केली. परिचर म्हणाले, 'आता वाचाले कुठं जाल?' आम्ही दोघंही थोडं हसलो.

तिची तोंडी परीक्षा छिंदवाड्याला झाली. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. सासूबाई माझ्या शेजारी, तेच पातळ, इस्त्री केलेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाचवं प्रकरण उघडून विचारलं की हे दोन शब्द कसले. ती उभी राहिली आणि म्हणाली, 'आंबिया अँड मृग, सर. देअर आर नो इंग्लिश वर्ड्स फॉर देम, सो आय हॅव केप्ट देम.' प्रबंधात तिनं ए आणि एम ठेवलेच नव्हते, पूर्ण शब्द लिहिले होते. आभाराच्या पानावर पहिलं नाव सासूबाईंचं होतं, साली गोळा करणं, वाळवणं, दळणं यासाठी. माझं तिसऱ्या परिच्छेदात होतं, जे वाक्य सगळेच लिहितात त्या वाक्यात. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसून विचारलं, 'झाली का डाक्टर?' मी म्हणाले, 'होऊन राहिली.'

याला आता दोन वर्षं होतील. ती सौंसरलाच शिकवते. शिक्षक दिनाला न चुकता फोन करते. मी तिच्याशी मराठीत बोलते. मुद्दाम, सावकाश, तिचीच मराठी जमेल तशी. ती मला इंग्रजीत उत्तर देते. नेमकं, स्वच्छ, मीच शिकवलेलं. 'येस, मॅडम. आय अ‍ॅम फाइन, मॅडम. थँक यू, मॅडम.' सासूशी, शेजाऱ्यांशी, शाळेतल्या मुलींशी ती दिवसभर बोलत असेल, हसत असेल. ते मला ऐकू येत नाही. दाराच्या आत इंग्रजी, हा माझा नियम होता. मी दाराबाहेर आले, पण ती माझ्याशी बोलताना अजून आतच असते.

तुम्हीही मला इंग्रजीतच उत्तर देता; तुम्हा दोघांशी बोलून फोन ठेवल्यावर मला तिचा आवाज आठवतो, तो याचमुळे. तुमचा बाबा मला विचारतो, 'मम्मी, तू त्यांच्याशी मराठीत का बोलतेस, त्यांना कळत नाही.' त्याला कसं सांगू की पाटावर त्याच्याशी इंग्रजीत बोलायची तेव्हाच मराठीत बोलायला हवं होतं.

गेल्या आंबियाला बसच्या कंडक्टरजवळ सासूबाईंनी माझ्यासाठी एक पिशवी पाठवली. वाळलेल्या साली, नीट निवडलेल्या. सोबत काही लिहिलेलं नव्हतं. मी एक साल हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले. दोन बोटांत मोडून बघितली, वास घेतला. मागच्या व्हरांड्यात ते दोन डबे अजून आहेत, त्यांतल्या सालींशी लावून पाहिली. मग माझ्या विद्यार्थिनीला फोन केला आणि म्हणाले, 'ही आंबियाची आहे. बरोबर का?'

ती म्हणाली, 'करेक्ट, मॅडम.' मागे शाळेची घंटा झाली आणि तिला जावं लागलं.

गाइड काय करतो, ते तुला तुझा गाइड सांगेलच. त्यानं काही विचारलं आणि तुला प्रश्न कळला नाही, तर आधी त्यालाच विचार की तुम्ही नेमकं कशाबद्दल विचारताय. आणि हे सगळं वाचून होईल तेव्हा मला फोन कर, रविवारची वाट बघू नकोस. मराठीत बोल. कितीही मोडकं बोललीस तरी मी दुरुस्त करणार नाही.